विहिरीतला सोमा

बाटली परत आली ती बातमी घेऊनच. सकाळची वेळ होती. धानोऱ्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर बाया रांगेने बसल्या होत्या आणि मी एका लेकराच्या कानात औषध घालत होते. समोर एक माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर दुपट्टा, आणि हातात माझीच काचेची बाटली, बुचाला मेण लावून बंद केलेली, गळ्याला चिंधी बांधलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली. तो गिरजाबाईचा, म्हणजे सोमाभाऊंच्या बायकोचा, भाऊ. "बाई, नागभीडकडच्या विहिरीचं पानी हाये हे," तो म्हणाला. "भाऊजीनं आनाले लावलं होतं." मी म्हटलं, ठेवा तिकडे टेबलावर, आणि सोमाभाऊंचं पोट कसं आहे? त्याने बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "भाऊजी परवा गेले, बाई. मी पानी घेऊन येऊनच राह्यलो होतो, रस्त्यात समजलं. घरी गेलो, माती देली. गिरजा म्हणे, तू इथी बसून काय करतं, आधी बाटली पोचव..."

मी आधी त्या लेकराचा दुसरा कान पुरा केला. मग बाटलीच्या चिंधीवर गावाचं नाव लिहिलं, पेटीत भुसा घालून ती बसवली आणि नागपूरला जाणाऱ्या लाकडाच्या लॉरीवर पाठवून दिली. ते झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आले, कारण रांग तशीच होती. हे सगळं झाल्याला आता सात आठवडे झाले. पुरवणीत थोर माणसांवर लेख येतात, तसा हा नाही. सोमाजी बेलदार हे चांदा जिल्ह्यातल्या जंगलात विहिरी खणणारे गृहस्थ होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या नावाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि ते कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. मी लिहिते.

मी मूळची वर्ध्याकडची. नर्सबाई म्हणून धानोऱ्याला बदली झाली तेव्हा दवाखान्याला विहीर नव्हती. पाणी नाल्यावरून यायचं. आवारात एक काटक, चाळिशी ओलांडलेला माणूस अर्ध्या खड्ड्यात उभा राहून घण मारत होता आणि वर त्याची बायको दोराने दगडाची टोपली ओढत होती. मी गेल्या गेल्या चिठ्ठी लिहून हुकूम सोडला, महिन्याच्या आत पाणी लागलं पाहिजे. त्यांनी खालूनच मान वर केली. "बाई, तुमची चिठ्ठी मले समजते. पान्याले नाई समजत." वरून गिरजाबाई म्हणाली, "याईले बी नाई समजत बाई, दुसऱ्याकडून वाचून घेतेत." मला हसू आलं. बदलीवर आल्यापासून पहिल्यांदाच. पाणी दोन महिन्यांनी लागलं. तेव्हा त्यांचा एक रिवाज पाहिला. नवीन पाणी निवळलं की पहिली ओंजळ ते स्वतः प्यायचे, सगळ्यांच्या देखत. थोडं तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, मग गिळायचे. खारं, मचूळ, की गोडं, ते जीभ सांगायची. पाणी गोडं निघालं तर विहिरीच्या काठच्या दगडावर छिन्नीने जोडलेले दोन हात कोरायचे. ती त्यांची सही. मी म्हटलं, आधी पाणी उकळून तरी घ्या. ते म्हणाले, "मी प्यालो ना बाई. आता तुमी प्या."

त्यांची सगळ्यांत नावाजलेली विहीर त्यांच्याच गावची, बेहडाटोल्याची. धानोऱ्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. ती त्यांनी ऐन तारुण्यात, स्वराज्याच्या किती तरी आधी खणली होती. त्यापूर्वी गाव बोडीच्या, म्हणजे भातखाचरांवरच्या छोट्या तळ्याच्या, काठी झिरे उकरून पाणी प्यायचं. सोमाभाऊंनी काळा कातळ फोडून सहा पुरुष खोल विहीर नेली. माणसाने हात वर करून उभं राहावं ती उंची म्हणजे एक पुरुष. पाणी असं लागलं की तळाचं नाणं दिसावं. तुरीची डाळ एका उकळीत शिजायची. डाळ शिजते ते पाणी चांगलं, ही आमच्याकडच्या बायकांची परीक्षा, आणि ती मीही तोवर खरी धरत आले होते. लोक त्या विहिरीकडे बघून पोरी द्यायचे. गावच्या पटलांची सून सुभद्रा अशीच आली. तिचा बाप सोयरिकीला आला तो घर बघायच्या आधी विहिरीवर गेला, लोटाभर पाणी प्याला आणि तिथूनच हो म्हणून आला. मागे राहिले ते बोडीच्या पाळीवरचे ढिवर, मासे धरणारे. त्यांची घरं विहिरीपासून लांब पडायची, म्हणून ते आपल्या झिऱ्याचंच पाणी भरत राहिले. गावातल्या बाया त्यांना गढूळ पाण्याचे म्हणून नावं ठेवायच्या.

मी महिन्यातून एकदा बेहडाटोल्याला जायची. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की तिथल्या माणसांच्या अंगावर बारीक काळे-पांढरे ठिपके आहेत. छातीवर, पाठीवर, जणू धुळीत पावसाचे थेंब पडून वाळलेत. काहींचे तळहात आणि तळपाय टणक झालेले, त्यात तांदळाच्या कणीसारखे बारीक कडक दाणे. सुभद्रेचं सगळ्यांत जास्त. त्या काळी आम्हांला वरून सक्त सूचना होती, महारोगाचे संशयित शोधा, नावं पाठवा. मी टाचणी घेऊन बसले. महारोगाच्या चट्ट्याला टाचणी कळत नाही. सुभद्रेला टोचली तर ती ओरडली, "अवो बाई, जीव घेता का!" तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला पुढच्या गावाला जायचं होतं, आणि यादीत नाव घालणं सुरक्षित, न घालणं जोखमीचं, असं मी मनाशी ठरवलं. सहा नावं लिहिली. त्यात तिचं पहिलं. गावात ही गोष्ट लपून राहिली नाही. पटलांनी सुनेला शेतातल्या खोपडीत ठेवलं. जेवण बांधावर ठेवून माणूस परत फिरायचा. तिची दोन वर्षांची मुलगी सासूजवळ राहिली.

सोमाभाऊ एकदा दवाखान्यात येऊन मला म्हणाले, "बाई, त्या पोरीले ओरडताना मी आयकलं. महारोग्याले दुखत नाई म्हंतेत ना?" मी म्हटलं, तुम्ही विहिरी खणा. असंच म्हटलं. त्यांचे स्वतःचे तळहातही टणक होते, दाणेदार. पण दगड फोडणाऱ्याचे तळहात टणक असायचेच. ते मला दिसूनही दिसले नाहीत.

यादी पाठवल्यावर पुढच्या वर्षी फिरते डॉक्टर आले. वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी खोपडीत जाऊन सुभद्रेच्या कोपरापाशी, कानाखाली नसा दाबून पाहिल्या, तळहात उजेडात धरले आणि म्हणाले, हा महारोग नाही. असे हात मी वैदूचं सोमलाचं औषध वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचे पाहिलेत. सोमल म्हणजे पांढरं विष, औषधात चिमूटभर घालतात. इथं कोणी तसलं औषध खातं का, असं त्यांनी मला विचारलं. कोणीच खात नव्हतं. गावात वैदूच नव्हता. डॉक्टर जरा वेळ विहिरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, सगळे मिळून काय खाता-पिता ते बघा. पाण्यापासून सुरुवात करा. मी एक बाटली भरून नागपूरच्या सरकारी रसायनशाळेत पाठवली. खरं सांगायचं तर डॉक्टरांचं समाधान व्हावं म्हणून. एवढं नितळ पाणी!

उत्तर यायला पावसाळा गेला. कागद आला तशी मी रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून बेहडाटोल्याला गेले, चावडीपुढे गाव गोळा केलं आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. "बेहडाटोला येथील सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात सोमल आढळला आहे. हे पाणी पिण्यासाठी वापरू नये." दोनदा वाचलं. पोहरा काढून ठेवा, झिऱ्याचं पाणी भरा, सुभद्रेला घरी आणा, असं बजावलं. विचारलं, समजलं का? सगळे हो म्हणाले. कोणी काही विचारलं नाही. एका बाळंतिणीकडे पोचायचं होतं आणि गाडीवान घाई करत होता, म्हणून मी निघाले. सोमाभाऊ त्या दिवशी गावात नव्हते, कुठेतरी कामावर होते.

सोमल हा शब्द बेहडाटोल्यात कोणाला माहीत नव्हता. विषाला तिथे इख म्हणतात, आणि त्या पांढऱ्या विषाला हिंदीतला संखिया. मी वर्ध्याची, शाळा शिकलेली. माझ्या डोक्यातही हे आलं नाही. मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, काय सापडलं म्हंते? शेजारची म्हणाली, सोमाचं काईतरी सापडलं म्हंते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं एकमत झालं. पाण्यात सोमाचं इख आहे. सुरुंगाच्या दारूचा डबा तर त्यांच्या घरात होताच. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी मजुरीवरून गावाशी भांडण केल्याचंही कोणाला आठवलं. ते झालं होतं पंधरा वर्षांपूर्वी.

मी चार दिवसांनी परत गेले तेव्हा सोमाभाऊंच्या छपराचे कवेलू उतरवून अंगणात फोडून टाकलेले होते. दारूचा डबा बोडीत फेकला होता. गिरजाबाई मोहाच्या झाडाखाली चूल मांडून बसली होती. तिने मला बघून पदर सावरला नाही, ये म्हटलं नाही. सोमाभाऊंच्या कपाळावर जखम होती. मी कापूस काढला. ते म्हणाले, "बाई, आधी एक सांगा. सरकारी कागदात माहं नाव हाये का?" मला कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मी तशीच पटलांकडे गेले. म्हटलं, सोमल म्हणजे सोमाजी नव्हे, सोमल म्हणजे संखिया. पटील ओसरीवर सुपारी कातरत होते. हात थांबला. "संखिया?" ते म्हणाले. "मंग तं अखीनच पक्कं झालं. संखिया काय आभायातून पडला? कोनं तरी टाकला ना?" मी म्हटलं, कोणी टाकला नाही, तो जमिनीतून, दगडातून येत असेल. "दगडातून इख येते का बाई?" पटलांनी विचारलं. हा प्रश्न खरा होता आणि मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही सोमाभाऊंना हात लावलात तर पोलिसांत कळवीन, एवढंच म्हणून मी उठले.

एक पत्र नीट समजावून न सांगितल्याचं हे फळ होतं. मी रजा टाकली आणि नागपूर गाठलं. रसायनशाळेतले गृहस्थ सभ्य होते. पाण्यातला सोमल कुठून आला हे विचारायला आजवर त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं. बहुतेक कागद खुनाच्या खटल्यांत जायचे. त्यांनी मला बसवून सांगितलं की काही कातळांत सोमल लोखंडाबरोबर आणि गंधकाबरोबर मिसळलेला, दगड होऊन बसलेला असतो. रुप्यासारखी चमक असते. पाणी त्यावरून वर्षानुवर्षं झिरपतं, हवा लागते, आणि तो थोडा थोडा सुटत जातो. रंग नाही, वास नाही, चव नाही. मग उठता उठता म्हणाले, पाण्याला वास नसतो हो, पण त्या दगडावर घण मारला तर लसणाचा वास येतो.

परत आल्यावर मी सोमाभाऊंना हे शब्द न् शब्द सांगितलं. या वेळी प्रत्येक शब्दाचा अर्थही सांगितला. ते मोहाच्या झाडाला टेकून बसले होते. लसूण म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लसूण..." ते म्हणाले. "गिरजे, तुले याद हाये?" गिरजाबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "हाये ना. मी वरून म्हटलं, काय जी, खाली चटनी वाटून राह्यले का?" सहाव्या पुरुषाला काळ्या कातळात बोटभर जाडीची चकाकणारी रेघ लागली होती. घण पडला की ठिणगी उडायची आणि लसणाचा वास सुटायचा. दोन दिवस त्यांनी ती रेघ फोडली. तिच्या खालीच पाण्याचा झरा होता. आठवडाभर सगळ्या गावाची थट्टा चालली होती की सोमाच्या विहिरीत फोडणीचं पाणी लागणार. पहिली ओंजळ त्यांनी घेतली तेव्हा कोणी तरी विचारलंही होतं, मीठ बरोबर हाये ना?

मी मनातून आनंदले. म्हटलं, सोमाभाऊ, सुटलात तुम्ही. आता हे गावाला दाखवायचं. ते म्हणाले, "सुटलो कसा बाई? टाकलं नाई मी. पन उघडं तं मीच केलं."

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा ते पटलांकडे गेले. मीही बरोबर गेले, साक्षीला. ते म्हणाले, विहीर उपसा, मी उतरतो, तुमाले इख काढून दाखवतो. पटील म्हणाले, "उतर. पन काई टाकलं तं वर दोर कोन ओढते ते पाहाजो." दोर गिरजाबाईने ओढला. तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. अख्खं गाव काठावर होतं, ढिवरही पाळीवरून आले होते. खालून घणाचे आवाज यायला लागले. टोपली वर आली. मागाहून सोमाभाऊ आले, घामाने आणि गाळाने माखलेले. टोपली चावडीपुढे ओतली. एक धोंडा जात्याच्या पाळीवर ठेवून घणाचा एक टोला दिला आणि तो तुकडा पटलांच्या नाकापुढे धरला. मग दुसरा फोडला, पुढच्याला दिला. मग तिसरा. ढिवरांची म्हातारी कासूबाई, जिची जीभ सगळ्या तालुक्याला माहीत होती, तिने हुंगलं आणि म्हणाली, "बापा! आमाले गढूळ पान्याचे म्हनता म्हनता तुमी तं रोज मसाल्याचं प्याले रे." काही हसले. बाकीचे आपापल्या तळहातांकडे बघायला लागले.

पटलांनी तो दगड पुन्हा एकदा हुंगला. "म्हनजे हे दगडात होतं," ते म्हणाले. "होय," सोमाभाऊ म्हणाले. "अन् तू दगड फोडला." "होय. मीच फोडला."  सोमाभाऊंनी छिन्नी घेतली, विहिरीच्या काठच्या दगडापाशी बसले आणि स्वतः कोरलेले ते जोडलेले हात ठोकून सपाट केले. त्याला पाऊण तास लागला असेल. कवेलू कोणी भरून दिले नाहीत, माफीही कोणी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी पटलांच्या घरचा माणूस बैल घेऊन आला आणि बोडीच्या काठी झिऱ्याची जागा मोठी करायला सोमाभाऊंना बोलावून घेऊन गेला.

सुभद्रा घरी आली. मी माझी यादी तिच्यापुढे ठेवली आणि तिच्या नावावर आडवी रेघ मारली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने ती रेघ नीट पाहिली. म्हणाली, "नाव खोडलं बाई, बरं केलं. पन दोन पावसाळे तं गेले ना. पोरगी मले मामी म्हंते."  

त्यानंतर सोमाभाऊंनी एक काम स्वतःवर लावून घेतलं. आयुष्यात खणलेली एकेक विहीर आठवायची आणि तिथे लसणाचा वास आला होता का ते आठवायचं. त्यांचं नाक आणि त्यांची आठवण, दोन्ही पक्की होती. जिथे शंका वाटेल तिथे माझी बाटली घेऊन चालत जायचे. मी नागपूरला पाठवायची. दोन ठिकाणी सोमल निघाला. दोन्ही ठिकाणी ते स्वतः जाऊन म्हणाले, माझी विहीर पिऊ नका. एका गावाने ऐकलं, दुसऱ्याने हाकलून लावलं. आपलीच चांगली विहीर वाईट म्हणतो, हा माणूस खुळा आहे म्हणाले. ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा छिन्नी घेऊन गेले, आपले हात खोडले आणि आले. पुढे तिथल्या बायांनीच पाणी सोडलं. त्यांना सोमल समजला नव्हता, पण खणणाऱ्याने सही पुसली हे समजलं.

बेहडाटोल्यात मात्र सोमा हा शब्द काही गेलाच नाही. मी जाईन तेव्हा ऐकायची, "तिकडे नोको जाऊ, त्या विहिरीत सोमा हाये." मी दर वेळी थांबून सांगायची, सोमा नव्हे, सोमल. लोक हो म्हणायचे आणि पुढच्या खेपेला परत सोमा. एकदा सोमाभाऊंच्या समोरच मी एका बाईवर तोंड टाकलं. ती गेल्यावर ते म्हणाले, "राहू द्या ना बाई." मी म्हटलं, राहू कसं देऊ, तुमचं नाव आहे ते. ते म्हणाले, "सोमल कोनाच्या ध्यानात राह्यन? तो दिसत नाई, त्याले वास नाई. सोमा म्हटलं तं लेकरू बी विहिरीवर जात नाई. चालू द्या." आणि जरा थांबून म्हणाले, "नाव काय, माहंच हाये. मी देलं."

गेल्या वर्षी, आपण मुंबई राज्यात येऊन थोडे दिवस झाले असतील, त्यांचं पोट फुगायला लागलं. जलोदर. डॉक्टरांनी दोनदा पाणी काढलं. मी त्यांना विचारलं, हे त्या विहिरीच्या पाण्याचं का? ते म्हणाले, खात्रीने सांगता येणार नाही. मीही खात्रीने सांगत नाही. त्या गावात त्यांच्याइतकं ते पाणी दुसरं कोणी प्यालं नसेल, एवढंच लिहिते. आमची शेवटची भेट त्यांच्या खाटेशी झाली. ते मोजत होते. कोणत्या गावची विहीर, कोणता दगड, वास होता का नव्हता. सगळ्या झाल्या आणि एक राहिली. नागभीडकडची. "तिचं सांगता येत नाई बाई," ते म्हणाले. "त्या वक्ती मले सर्दी होती. महिनाभर नाक बंद होतं." एवढ्या दुखण्यातही गिरजाबाईला हसू आलं. म्हणाली, "काडा देला होता, प्याले नाई." ते हसले नाहीत. मी बाटली ठेवून आले.

त्या बाटलीचा कागद मागच्या आठवड्यात आला. सोमल आढळला नाही. पाणी पिण्यास योग्य. मी रेंगी जुंपून बेहडाटोल्याला गेले आणि गिरजाबाईच्या ओसरीवर बसून तिला सांगितलं. वाचून दाखवलं नाही, सांगितलं. त्या विहिरीत काही नाही. तिने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात घण, सब्बल आणि छिन्नी स्वच्छ पुसून उभी केलेली होती. "मंग तिथले त्याईचे हात राहू द्याल ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, राहतील. त्या विहिरीवरचे राहतील, आमच्या दवाखान्याच्या विहिरीवरचेही.

परतताना ऊन चढलं होतं. वाट विहिरीवरूनच जाते. काठ बाभळीच्या काट्यांनी बंद केलेला होता, पण खुणेचा दगड बाहेरून दिसतो. छिन्नीचे ओरखडे आहेत, हात नाहीत. मी गाडी थांबवून उतरले आणि तिथे जरा उभी राहिले. एक मुलगी डोक्यावर हंडा घेऊन झिऱ्याकडून येत होती. हातात हिरव्या बांगड्या, नवी नवरी. या लग्नसराईत आली असावी. तिने मला विहिरीजवळ पाहिलं आणि घाईने आली. "बाई, तिथलं पानी पेऊ नोका. त्यात सोमा हाये."

मी विचारलं, सोमा म्हणजे काय गं?

"काई माहीत नाई जी. इख असन. सासूबाई म्हंते तसं. मी पहिल्यांदा आली तवा सासऱ्यानं बी हेच सांगतलं." तिने हंडा उतरवला. "तहान लागली असन तं हे घ्या. झिऱ्याचं हाये."

शब्द माझ्या ओठांवर आला होता. सवयीने. मी दोन्ही हात जोडून पुढे केले, तिने पाणी ओतलं, मी प्याले.

"बरं," म्हटलं. "नाही पीत त्या विहिरीचं."